बाईचं गाणं पुरुषाने, पुरुषाचं बाईने: शब्द, पट्टी आणि बदललेला अर्थ

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातला एक हौशी कराओके गट हुतात्मा स्मृती मंदिरात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करतो आहे. काही पुरुषांना बायकांची गाणी म्हणायची आहेत, काही बायकांना पुरुषांची. तालमीत एखादं गाणं अंगावर काटा आणतं, तर दुसऱ्या गाण्याला ऐकणारे तोंड दाबून हसतात. मग शब्द बदलावेत का, पट्टी किती हलवावी, आणि हसू नेमकं कुठून येतं?

बहुतेक गट पट्टीपासून सुरुवात करतात. ट्रॅक लावायचा, पट्टी वरखाली करायची, मग 'करती हूँ'चं 'करता हूँ' करायचं आणि झालं. हा क्रम उलटा आहे. गाण्यातलं माणूस कुणाशी बोलतंय आणि कोणत्या हक्काने बोलतंय, हे आधी ठरवायला हवं. गाणारा बदलला की पहिल्यांदा हा हक्क बदलतो. क्रियापद त्याच्या मागून येतं, आणि कधी कधी क्रियापदाला हात लावायची गरजही पडत नाही.

जगभर माहीत असलेलं उदाहरण घेऊ. अमेरिकी गायक ओटिस रेडिंगने 'रिस्पेक्ट' हे स्वतः लिहिलेलं गाणं 1965 साली गायलं. त्यात कामावरून घरी येणारा नवरा बायकोला म्हणतो, की तुला काय करायचं ते कर, पण मी घरी आलो की मला मान दे. 1967 साली अरेथा फ्रँकलिनने तेच गाणं घेतलं. कथानक जवळपास तेच राहिलं, पण मागणारी आता बाई झाली. पुरुषाने घरात मान मागणं म्हणजे रूढ हक्काची वसुली. बाईने मागणं म्हणजे आजवर न मिळालेल्या गोष्टीचा दावा. हा दावा पक्का करण्यासाठी तिने मांडणी बदलली. शब्दाची अक्षरं एकेक करून उच्चारायची जागा तिच्या आवृत्तीत आली आणि मागून बायकांचा कोरस आला. त्या कोरसमध्ये तिच्या सख्ख्या बहिणी होत्या. ओटिसच्या गाण्यात एकटा नवरा बोलत होता, इथे एकीच्या पाठीशी अनेकजणी उभ्या राहिल्या. नवा अर्थ बहुतांशी या मांडणीतून आला. सर्वनामांचा त्यात वाटा फार थोडा.

आता आपल्या भाषेत, अगदी जवळून बघू. समजावण्यापुरती ही एक घडवलेली ओळ घ्या: 'वाट पाहते उभी मी, दिवा लावुनी दारी'. बाईने म्हटली की ऐकणाऱ्याला काहीच नवं वाटत नाही. संध्याकाळी दाराशी दिवा लावणं हे आपल्याकडे तिचंच काम मानलेलं, आणि वाट पाहणंही तिच्याच वाट्याचं. त्यामुळे ही ओळ दुःखाची असली तरी ओळखीची असते. आता पुरुषाने 'वाट पाहतो उभा मी' म्हणावं. मात्रा तेवढ्याच आहेत, 13. पण चित्र पालटलं. दिवा लावून दाराशी उभा असलेला पुरुष आपल्या गाण्यांत क्वचित दिसतो, म्हणून ऐकणारा लगेच कारण शोधतो: याची आई गेली का, बायको सोडून गेली का, हा एकटा का? तिच्या तोंडी जे रोजचं होतं, ते त्याच्या तोंडी एका विशेष रात्रीचं झालं. म्हणून गायकाने पहिल्याच ओळीत भावनेचा जोर लावू नये. अर्थ आपोआप जड झालेला असतो, त्यावर आवाजाचं वजन टाकलं की गाणं रडकं होतं. उलट बाईने हीच ओळ पुन्हा गाताना 'उभी' या शब्दावर थोडं थांबावं, म्हणजे ती ओळख मोडते.

पुरुषाने बाईच्या शब्दांत गाणं हे आपल्या भागाला नवं नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. वारकरी भजनात पुरुष मंडळी गवळण म्हणतात, गोपीच्या तोंडचं लटकं भांडण म्हणतात आणि कुणी हसत नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या स्त्रीच्या तोंडी आहेत. एकनाथांच्या भारुडात सासरला कंटाळलेली सून भवानीला रोडगा वाहायचा नवस बोलते, आणि ते भारूड पिढ्यान्पिढ्या पुरुषांनी रंगवलं. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचा 'नको देवराया अंत आता पाहू' घ्या. शेवटच्या कडव्यात 'जाहले उदास' असं स्त्रीलिंगी रूप आहे, पुढे तिचं नावही आहे. पुरुष गायक तो अभंग एक अक्षर न बदलता गातात. चालतं, कारण ऐकणाऱ्याला करार माहीत आहे: बोलणारी कान्होपात्रा, गाणारा तिचा निरोप्या. लावणीचंही तेच. सोलापूरच्या राम जोशींसारखे लावणी लिहिणारे शाहीर पुरुष होते, आणि बायका फडावर येण्याआधी स्त्रीची भूमिका नाच्या करत असे. सिनेगीतात अडचण अशी की हा करार सांगितलेला नसतो. तो पहिल्या दोन ओळींत गायकालाच करावा लागतो.

करार करण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली, शब्द तसेच ठेवणं. गायक निरोप्या होतो. गाण्यात ठळक पात्र असेल, स्त्रीचं नाव, नातं किंवा वेश असेल, तर हीच वाट घ्यावी. डॉली पार्टनचं 1973 सालचं 'जोलीन' म्हणजे एका बाईने दुसरीला घातलेली गळ, माझा माणूस नेऊ नकोस. द व्हाइट स्ट्राइप्स या रॉक बँडच्या जॅक व्हाइटने ते सर्वनामं न बदलता गायलं. पुरुषी आवाजात ती विनवणी आणखी उघडी पडते, कारण पुरुषाने एवढं हात जोडून मागणं आपण फारसं ऐकलेलं नसतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पुरुषाला उद्देशून लिहिलेलं प्रेमगीत पुरुषाने किंवा बाईला उद्देशून लिहिलेलं बाईने शब्द न बदलता म्हटलं, तर काही श्रोते ते गायकाचं स्वतःचं प्रेम म्हणूनही ऐकतील. तो अर्थ पूर्ण वैध आहे आणि काही गायकांना तोच हवा असतो. निर्णय गायकाचा, गटाने त्याच्या वतीने घेऊ नये.

दुसरी वाट, लिंग बदलणं. मराठीत ते सोपं वाटतं. गेलो-गेले, मुलगा-मुलगी, राजा-राणी, सखा-सखी, साजणा-साजणी: मात्रा बिघडत नाहीत. फसगत होते ती नामांत. क्रियापद पुल्लिंगी केलं आणि पदर, चुडा, कुंकू तसंच राहिलं, की ओळ मधोमध फाटते. सगळ्यात जास्त हसू याच अर्धवट बदलाला येतं. म्हणून पूर्ण गाणं कागदावर लिहून काढा आणि लिंग दाखवणारा प्रत्येक शब्द अधोरेखित करा: क्रियापदं, विशेषणं, संबोधनं, दागिने, कपडे, नाती. यातला एकही शब्द बदलता येत नसेल तर काहीच बदलू नका, पहिल्या वाटेने जा.

बदल खोलवर गेला तर गाणंच नवं होतं, हेही खरं. रॉबर्ट हॅझार्डने 'गर्ल्स जस्ट वाँट टू हॅव फन'ची पहिली ध्वनिफीत 1979 साली पुरुषाच्या नजरेतून केली होती. सिंडी लॉपरने 1983 मध्ये शब्द फिरवून ते मुलीच्या तोंडी आणलं आणि पोरींबद्दलचं गाणं पोरींचं झालं. 'हाउस ऑफ द राइझिंग सन' या लोकगीताचे मुलाचे आणि मुलीचे असे दोन्ही पाठ जुने आहेत. बॉब डिलनने 1962 साली मुलीचा पाठ घेतला, द ॲनिमल्सने 1964 साली मुलाचा. मुलगी बरबाद झाली म्हटलं की ते घर कुंटणखाना वाटतं. मुलगा म्हटलं की जुगार आणि दारू डोळ्यांसमोर येते. एका शब्दाने इमारतीचा धंदा बदलतो.

तिसरी वाट, लिंग झाकणं. इथे भाषेचं व्याकरण उपयोगी पडतं. मराठीत 'मी येतो/येते' उघडं आहे, पण 'मी येईन' झाकलेलं. 'मी चंद्र पाहिला' झाकलेलं, कारण क्रियापद चंद्राप्रमाणे चालतं. 'मला आठवते' हेही झाकलेलं. वरची घडवलेली ओळ 'वाट पाहणे कपाळी, दिवा लावुनी दारी' अशी केली तर पहिल्या अर्ध्या ओळीच्या मात्रा 13च राहतात आणि लिंग जातं, पण माणूसही थोडा मागे सरतो, गाणं नशिबाचं होतं. ही किंमत परवडते का ते बघा. हिंदीत भविष्यकाळही झाकत नाही, 'करूँगा-करूँगी' होतं. तिथे 'हम' मदतीला येतो, 'हम करेंगे' दोघांच्याही तोंडी चालतं. तेलुगू आणि कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगच नाही, 'मी येतो' आणि 'मी येते' एकच. म्हणून सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक श्रोत्यांसाठी तेलुगू गाणं घेत असाल तर क्रियापदाची काळजी सोडा आणि संबोधनं तेवढी तपासा.

'हम'ची कमाल 1964 च्या 'वो कौन थी' मधल्या 'लग जा गले' मध्ये दिसते. शब्द राजा मेहदी अली खान, चाल मदन मोहन, आवाज लता मंगेशकर. पुरुषाने गायलं तरी शब्द बदलावा लागत नाही, म्हणून हे गाणं कराओकेत पुरुष सर्रास घेतात आणि बिनधोक समजतात. अर्थ मात्र बदलतोच, तोही एका नेमक्या जागी. पहिल्या अंतऱ्यात ती म्हणते, मला जवळून डोळे भरून बघून घ्या. बाईने स्वतःला बघायला सांगणं ही गाण्यांतली रुळलेली रीत. पुरुषाने सांगणं दुर्मीळ, कारण आपल्या गाण्यात बघणारा तो असतो. त्या ओळीला आवाज फुगवला की विनवणी जाऊन हुकूम येतो. आवाज निम्मा ठेवा, माइकजवळ या, ओळीच्या शेवटी हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, घेऊ नका. मग तो स्वतःला कुणाच्या तरी नजरेच्या हवाली करतोय असं ऐकू येतं, आणि गाणं नवं होतं.

एकाच चालीतून दोन माणसं कशी उभी करायची, याचे धडे जुन्या संगीतकारांनी देऊन ठेवलेत. 'मुनीमजी' (1955) मध्ये सचिनदेव बर्मन यांनी 'जीवन के सफर में राही' किशोरकुमारला खेळकर लयीत दिलं आणि लताबाईंना तेच दुःखी करून दिलं. 'मंज़िल' (1979) मध्ये राहुलदेव बर्मन यांनी 'रिमझिम गिरे सावन'चा मुखडा दोघांना एकच ठेवला, पण अंतऱ्याचे शब्द वेगळे घेतले. तालमीआधी या जोड्या लागोपाठ दोनदा ऐका. मात्र यातली एक सवय उचलू नका. स्त्री-आवृत्ती म्हणजे संथ आणि करुण, ही बळकट रूढी आहे. बाई किशोरचं गाणं घेते म्हटलं की मांडणी करणारा लगेच लय उतरवतो, ढोलक काढतो, पियानो लावतो. मूळ लय आधी वापरून बघा. बाईने बेफिकिरीचं गाणं मूळ लयीत गायलं की तिच्या तोंडची ती बेफिकिरी हाच नवा अर्थ असतो, लय उतरवून तोच मारला जातो.

मुलीच्या मागे लागण्याच्या गाण्यांबद्दल स्पष्ट बोलतो. पुरुषाच्या तोंडी 'तू नाही म्हण, मी मागे येणारच' यात रस्त्यावरची भीती मिसळलेली असते, ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला ती कळते. बाईने गायलं की धमकी गळून पडते आणि धिटाई उरते, कारण रस्त्यावरची भीती दोन्ही बाजूंना सारखी नाही. अशी गाणी बायकांनी जरूर घ्यावीत, फार खुलतात. उलट लाजत 'नको ना' म्हणणारं गाणं पुरुषाने घेतलं आणि मान वेळावली, ओठ चावला, तर तो बाईच्या नकाराची थट्टा करतोय असंच दिसतं. अशा गाण्यात हात आणि चेहरा शांत ठेवा, फक्त सूर लावा.

आता पट्टी. पुरुषाच्या गाण्याचा सा काळी 1 मध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर आहे आणि चाल मंद्र धैवतापासून (खालच्या सप्तकातला ध) तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) जाते असं धरा. बाईने ते सरळ एक सप्तक वर गायलं तर तार गंधार बहुतेक हौशी गळ्यांना फार चढा पडतो. सा काळी 4 ला घ्या, म्हणजे ट्रॅक 5 अर्धस्वर खाली (एक अर्धस्वर म्हणजे पेटीवर शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर), आणि गायचं मात्र सप्तक वर. खालचा धैवत पोकळ वाटला तर काळी 5, म्हणजे 3 अर्धस्वर खाली. बाईचं गाणं पुरुषाने घेताना उलटा हिशेब: ट्रॅक 3 ते 5 अर्धस्वर वर आणि गायचं सप्तक खाली. पट्टी न बदलता नुसतं सप्तक खाली गायलं तर मुखडा घशाच्या तळाशी जातो, शब्द पुटपुटल्यासारखे येतात आणि गायक अंतऱ्यात ओरडून भरपाई करतो. पट्टी ठरवताना मुखड्यावर विसंबू नका, अंतऱ्यातला सर्वात वरचा सूर तीनदा लागोपाठ लावून बघा.

बायकी सूर काढण्यासाठी पुरुषाने चोरटा, म्हणजे बारीक नकली आवाज लावू नये. पट्टी चुकली की तो आपोआप लागतो आणि सभागृहातलं हसू बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. लोक आवाजाच्या नकलेला हसतात, आणि गायकाला वाटतं शब्दांना हसले.

अ‍ॅपमधून ट्रॅक 3 अर्धस्वरांपेक्षा जास्त हलवला की झांजा आणि मागचा कोरस बिघडलेला ऐकू येतो. 5 अर्धस्वर खाली नेला की बास गिटारचे खालचे सूर तिच्या सर्वात जाड तारेच्या, म्हणजे सुमारे 41 हर्ट्झच्याही खाली जातात. सभागृहाचे स्पीकर ते वाजवतच नाहीत आणि गाणं बिनबुडाचं वाटतं. एवढा फरक हवा असेल तर ट्रॅक नव्या पट्टीत वाजवून घ्या. तबला असेल तर काळी 1 ला लावलेला दायाँ काळी 4 च्या पट्टीत मध्यम होतो. गाण्यात शुद्ध मध्यम ठळक असेल तरच तो चालवा, नाहीतर दुसरा दायाँ आणा. ट्रॅकमध्ये मूळ कोरस शिल्लक असेल तर तोही अर्थात लुडबुड करतो. पुरुषाच्या गाण्यात त्याला उत्तर देणारा बायकांचा कोरस बाईच्या मागे आला की त्या मैत्रिणी होतात. कधी ते फार छान जमतं, कधी अजिबात नाही, म्हणून आधी ऐकून घ्या.

लिंग बदलताना शब्दातला स्वर, म्हणजे 'आ' किंवा 'ई', हाही बदलतो हे गायक विसरतात. 'आऊंगा'चं 'आऊंगी' झालं की तार सप्तकात लांबवायला 'आ'ऐवजी 'ई' येते. बाईचा तार गंधार 520 ते 590 हर्ट्झच्या घरात असतो, आणि 'ई'ला ओळख देणारा पहिला अनुनाद (तोंड-घशाची पोकळी जिथे जास्त घुमते ती पातळी) साधारण 300 ते 400 हर्ट्झला. सूर त्याच्या वर गेला की 'ई' आवळलेली आणि टोचरी येते. जबडा सोडा, 'ई' किंचित 'ए'कडे झुकवा, शब्द संपताना पुन्हा 'ई'वर या. ऐकणाऱ्याला 'ई'च ऐकू येते.

ध्वनियोजकाला कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: गाणं, नवी पट्टी, आवाज कुणाचा. माइकचा खालचा काप (लो-कट, म्हणजे त्याखालचा आवाज गाळणं) पुरुषाच्या आवाजाला 80 हर्ट्झच्या आसपास आणि बाईच्या आवाजाला 120 च्या आसपास चालतो. पुरुष सप्तक खाली गात असेल तर 200 ते 300 हर्ट्झमध्ये थोडी कपात करा, म्हणजे शब्द सुटे होतील.

निवेदकाशी आधी बोलून ठेवा. 'आता आमचे दादा ताई होऊन गाणार' अशी कोटी झाली की लोक हसण्याच्या तयारीनेच बसतात, पुढे गायकाने काहीही केलं तरी करार मोडलेला असतो. गाण्याचं नाव, चित्रपट, गीतकार, संगीतकार आणि मूळ आवाज, एवढंच सांगायचं.

रंगमंचावर शब्द बदलून गाणं आणि ध्वनिमुद्रण करून प्रसिद्ध करणं यात फरक आहे. सार्वजनिक प्रयोगासाठी प्रयोगाचा परवाना लागतो, तो आयोजकाने काढायचा. ध्वनिमुद्रित आवृत्तीसाठी कॉपीराइट कायदा 1957 मध्ये 2012 साली आलेलं कलम 31सी (31C) आहे. या कलमाखाली मूळ ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षानंतर पाच वर्षं उलटल्याशिवाय आवृत्ती करता येत नाही, आणि हक्कधारकाच्या संमतीने आधी झालेला नसेल किंवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसेल असा कोणताही बदल शब्दांत वा चालीत करता येत नाही. 'करता'चं 'करती' हा शब्दांतला बदल आहे. तो तांत्रिक गरजेत बसतो असं गृहीत धरू नका, लेखी परवानगी घ्या. परवानगी मिळत नसेल तर मूळ शब्द ठेवूनच मुद्रण करा आणि पट्टी तेवढी गळ्याप्रमाणे घ्या.